चिमूटभर माती

"हे अकरावं," साळुंखे अण्णा म्हणाले आणि वाळलेलं रोप त्यांनी मुळासकट कोळेकर सरांच्या टेबलावर ठेवलं. मुळांची माती हजेरीपटावर सांडली.

मी कपाटाशी उभी राहून उड्यांच्या दोऱ्या मोजत होते. मोजून झाल्या होत्या, तरी पुन्हा मोजायला घेतल्या.

"अकरा रोपं, सर. करंज घ्या, कडुनिंब घ्या, काही म्हणून राहिलं नाही. आणि मेली कुठली? त्या बायडाक्काच्या वाट्याचीच. आमच्या कॉलनीने लावलेली बघा जरा, कमरेला लागलीत."

"यंदा पाऊस कमी आहे, अण्णा."

"पाऊस काय कॉलनीवर वेगळा आणि खाणवस्तीवर वेगळा पडतो? ती बाई घरून हंडे भरून आणते. चार घरची धुणी करते ती. साबणा-सोड्याचं पाणी आणून ओतत असणार. आळ्यात पांढरं धरलंय, मी डोळ्यांनी बघितलंय."

"तिला काय मिळणार त्यातून?"

"ते तिला विचारा. रविवारी सभा घ्या आणि ते मागचं फाटक बंद करा. विटा मी उद्याच टाकून घेतो." मग अण्णा माझ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं आहे, महाडिकबाई?"

"माझं म्हणणं जुलैतच सांगून झालंय," मी म्हटलं आणि दोऱ्या कपाटात टाकून बाहेर पडले. खोटं कशाला सांगू, व्हरांड्यातून चालताना मला हसू येत होतं.

मी माणदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावात नगरपालिकेच्या चार नंबर शाळेत खेळाची बाई होते. शाळेच्या पुढच्या अंगाला कॉलनी होती. तिथे बहुतेक नोकरीतून निवृत्त झालेली मंडळी राहायची आणि अण्णा त्यांचे अध्यक्ष होते. मागच्या अंगाला भिंतीपलीकडे खाणवस्ती होती, दगडाच्या खाणीवर राबणाऱ्यांची. मधलं पटांगण मात्र माझं होतं. म्हणजे कागदोपत्री नगरपालिकेचं, पण पंधरा वर्षं त्यावरचा एकेक खडा मी वेचला होता. माझ्या मुलींनी तीनदा खो-खोची जिल्हा स्पर्धा जिंकली ती त्या मैदानावर घोटून घेतल्यामुळे. माझ्या नाकावर सदा राग आणि गळ्यात सदा शिट्टी, असं पोरी मागून म्हणायच्या आणि त्यात काही चुकीचं नव्हतं.

कोळेकर सर नवे मुख्याध्यापक म्हणून आले आणि त्यांच्या डोक्यात हे हिरव्या पटांगणाचं खूळ शिरलं. शाळा सुटल्यावर पटांगण कुलपात का ठेवायचं? झाडं लावू, बाकं टाकू, कडेला भाजीचे वाफे करू. सकाळी म्हातारी माणसं येतील, संध्याकाळी वस्तीतल्या बायका-पोरं येतील, जागा सगळ्यांची होईल. त्यासाठी त्यांनी मागच्या भिंतीत फाटक पाडलं. त्याचा एक फायदा मलाही नाकारता येत नव्हता. वस्तीतली चाळीस पोरं तोवर हायवेच्या कडेने दीड किलोमीटरचा वळसा घालून शाळेत यायची. दोन वर्षांत दोन पोरांना गाडीने उडवलं होतं. फाटक झालं आणि ती पोरं दोन मिनिटांत वर्गात पोचायला लागली.

पण झाडांसाठी सरांनी जागा निवडली ती नेमकी माझ्या खो-खोच्या मैदानाची. मधोमध आहे, सपाट आहे, म्हणून. मला संडासाच्या बाजूची मुरमाड पट्टी दिली. जुलैच्या सभेत, कॉलनी आणि वस्ती दोन्हीकडची माणसं समोर बसलेली असताना, मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या मैदानावर एक झाड जगायचं नाही. लिहून ठेवा." रागाच्या भरात बोलले. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतंच, आताही फारसं नाही.

झाडं वाटून देताना कडेच्या रांगा कॉलनीने घेतल्या आणि मधल्या दोन रांगा, चौदा रोपं, बायडाक्काने मागून घेतल्या. बायडाक्काचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला होता. एकच पोरगी, उजी, सातवीत, माझ्या संघातली सगळ्यात चपळ. शाळेच्या टाकीला एक दिवसाआड पाणी यायचं, म्हणून बायडाक्का मधल्या दिवशी वस्तीच्या हातपंपावरून डोक्यावर हंडे आणून रोपांना घालायची. ऑगस्टच्या शेवटी पहिलं रोप वाळलं. मग दुसरं. सप्टेंबरच्या मध्याला अकरावं टेबलावर आलं.

ते आलं त्या दिवशी मंगळवार होता. बुधवारी शाळा सुटल्यावर मी टेप घेऊन मैदानावर गेले. मनात मांडे खाणं म्हणतात ना, ते चाललं होतं. फाटक बंद झालं की वस्ती तिकडे आणि कॉलनी इकडे, झाडांचं खूळ आपोआप बारगळणार, मैदान परत माझं. खांब कुठे होते ते बघून ठेवावं म्हणून गेले. पहिल्या खांबाचा खड्डा सापडला. तिथून टेप ओढत मी जुन्या रेषेवरून चालले आणि रेषेच्या कोपऱ्यावर थबकले.

बायडाक्काची दोन रोपं रेषेच्या बाहेर पडली होती. दोन्ही टवटवीत होती, नवी पालवी फुटलेली. आणि कॉलनीच्या रांगेतलं एक रोप कोपऱ्यातून रेषेच्या आत आलं होतं. तो अण्णांच्या नातवाच्या नावाने लावलेला बहावा. त्याची पानं कडेने करपली होती. बकरीने तोंड लावलं असं अण्णा सांगत होते.

मी चारी बाजूंनी चालून आले. जे रेषेच्या आत होतं ते मेलं होतं किंवा मरायला टेकलं होतं. जे बाहेर होतं ते जगलं होतं. चुन्याची फक्की मारून आखल्यासारखं स्पष्ट होतं ते.

खाली बसले. आळ्यातल्या पांढुरक्या पापुद्र्यातली चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

खारट.

पंधरा वर्षं दर दिवाळीनंतर मी ते मैदान उकरून घ्यायची, ढेकळं फोडून घ्यायची आणि त्यावर तीन पोती खडेमीठ पसरायची. मग पाणी मारून रोलर. माझ्या सरांनी मला तसं शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या सरांनी. मिठाने गवत उगवत नाही, माती ओल धरते, धूळ उडत नाही, धावणाऱ्या पोरीचा पाय घसरत नाही. मैदान करणारा प्रत्येक जण हे करतो. आमच्याकडे पाऊस तो केवढा, खालची जमीन काळी, रोलरने दगडासारखी झालेली. पंधरा वर्षांचं मीठ तिथेच जिरून बसलं होतं. आणि जुलैत एवढी भांडले तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नव्हतं. फक्की मारणं, खांब रोवणं, तसं मीठ टाकणं. त्यात आठवण्यासारखं काय होतं?

तशीच उठून सरांकडे जायचं, हे मला कळत होतं. पण पाय निघेनात. सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? एक झाड जगायचं नाही, लिहून ठेवा, हे मीच बोलले होते, पाऊणशे माणसांसमोर. खेळाच्या बाईने मीठ घालून झाडं मारली, हेच गावभर होणार. नोकरीवरही येऊ शकलं असतं. आणि गप्प बसले तर? गप्प बसले तर काहीच करावं लागत नव्हतं. रविवारी भिंत होणार होती आणि दिवाळीनंतर मी माझे खांब परत रोवणार होते.

मी टेप गुंडाळला आणि घरी गेले.

गुरुवारी फाटकाशी विटांचा ढीग पडला. वाळू पडली. गवंडी ठरवला तोही खाणवस्तीतलाच, स्वस्तात येतो म्हणून. त्या दिवशी उजी सरावाला आली नाही. मी इतर पोरींना विचारलं.

"तिला सगळ्या चिडवतात बाई," एक जण म्हणाली. "तुझ्या आईने झाडांना विष घातलं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. शिक्षा नेमकी कुणाला करत होते ते माझं मला ठाऊक.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत बायडाक्का मला शोधत व्हरांड्यात आली. डोक्यावर रिकामा हंडा होता. तिला बघितल्याबरोबर मी रजिस्टरात डोकं घातलं.

"बाई, रविवारी सभंला येनार न्हवं तुमी?"

"येईन की. का गं?"

"न्हाई, इचारलं आपलं."

"उजीला सरावाला पाठव. स्पर्धा जवळ आली."

"पाठवते की. रविवार हुंद्या." ती वळली, परत थांबली. "याल मात्र. विसरू नगा."

मला वाटलं, सभेत आपल्या बाजूने कुणी शिकलेलं माणूस असावं म्हणून विनवायला आली असेल. तिने हात जोडले असते, रडली असती, तर मला सोपं गेलं असतं. ती शांत होती. त्याचा मला राग आला. शनिवारची रात्र मी कूस बदलत काढली. बोलायचं नाही असं ठरवून झालं होतं, तरी झोप येईना.

रविवारी सकाळी दहाला पटांगणावर सभा भरली. कॉलनीसाठी वर्गातल्या खुर्च्या, वस्तीसाठी जाजम. बसायची व्यवस्था कुणी सांगितली नव्हती, आपोआप झाली. मी शिक्षकांच्या बाकावर बसले. फाटकाशी गवंड्याने माल कालवायला घेतला होता, त्याच्या फावड्याचा खरखर आवाज बोलण्यामागून सारखा येत होता.

अण्णांनी बारा वाळकी रोपं ओळीने मांडली. शेवटची तर माझ्या बाकासमोरच होती.

"मला कुणाशी वैर नाही," ते म्हणाले. "पण जागा सगळ्यांची म्हटली की जपायचीही सगळ्यांनी. यांना जपता येत नाही. फाटक बंद झालं पाहिजे."

"आन् पोरं कुठनं येनार शाळंला?" जाजमावरून एक म्हातारा ओरडला. "पुन्ना हायवेवनं? गाडीखाली?"

"आधी येत होती तशी."

"आधी दोन पोरं ग्येली, त्ये बी तसंच का?"

दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली. कोळेकर सर मध्ये गेले. त्यांचा आवाज बसला होता. चार दिवसांत त्या माणसाचं वजन उतरलं होतं. "बसा. बसून बोला. बायडाक्का, तुम्ही सांगा. पाण्यात काही मिसळत होता का?"

बायडाक्का उभी राहिली. "पंपाचं पानी हाय साहेब. आमी पितो त्येच."

"असं कुणीही म्हणेल," अण्णा म्हणाले. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांग. सांग शपथेवर, माझ्या हातून झाडं मेली नाहीत म्हणून."

जाजमावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. एकुलत्या एका लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणं आमच्याकडे फार जबर मानतात. खरं बोलणारी आईसुद्धा त्याला कचरते. आपल्या नकळत काही झालं असेल आणि ते पोरीवर उलटलं तर?

"अण्णा, हे नको," कोळेकर सर म्हणाले.

"का नको? खरी असेल तर घेईल."

बायडाक्काने उजीला पुढे घेतलं. पोरगी मान खाली घालून उभी होती, शाळेच्या गणवेशात, रविवार असून. बायडाक्काने हात उचलला, उजीच्या डोक्यावर ठेवला, तोंड उघडलं. आणि बोलण्याआधी तिने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या कुणाकडे नाही.

"थांबा," मी म्हणाले.

उठले कधी ते आठवत नाही. बारा रोपांची ओळ ओलांडून मी पुढे गेले.

"तो हात काढ. झाडं तिने मारली नाहीत. माझ्या मिठाने मेली."

फावडं थांबलं. मी पंधरा वर्षांचं सगळं सांगितलं, दिवाळीपासून रोलरपर्यंत. बोलताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. संपल्यावर अण्णा हसले.

"बाई, तुमच्या विद्यार्थिनीची आई आहे म्हणून सांभाळून घेताय. कळतं आम्हाला."

"तुमच्या नातवाचा बहावा का करपला, अण्णा?"

"बकरीने..."

"बकरीने नाही. तो माझ्या रेषेच्या आत आहे." मी बहाव्यापाशी गेले, आळ्यातली माती उचलली, सगळ्यांदेखत तोंडात घातली. मग मूठ भरून अण्णांसमोर धरली. "घ्या. तुम्ही स्वतः पाणी घातलंय याला, कॉलनीच्या नळाचं. चाखून बघा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मुठीकडे बघितलं. चारचौघांत माघार घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. चिमूट उचलून त्यांनी जिभेला लावली आणि तोंड वाकडं करून थुंकले. कोळेकर सरांनी चाखली. मग जाजमावरचा तो म्हातारा आला, कॉलनीतल्या दोघी-तिघी आल्या. माणसं वाकून माती चाखत होती, थुंकत होती, एकमेकांकडे बघत होती.

"म्हणजे जुलैत बोललात ते करून दाखवलंत म्हणा ना," मागून कुणी तरी म्हणालं.

"जुलैत माझ्या ध्यानातही नव्हतं," मी म्हटलं. "मानायचं तर माना."

कोळेकर सरांनी हात झटकले. त्यांनी विचारलं ते अगदी हळू विचारलं. "बाई, तुम्हाला हे कधी लक्षात आलं?"

आत्ता, असं सांगता आलं असतं. आत्ताच बसल्या बसल्या डोक्यात प्रकाश पडला, असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं, वर माझं कौतुकही झालं असतं. माझ्या तोंडात माती होती. अजून खारट लागत होती.

"बुधवारी," मी म्हणाले.

उजीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या पोरीला मी तीन वर्षं पळायला शिकवत होते.

पुढचं गावाला माहीत आहे. भिंत झाली नाही. त्या विटांची झाडांना आळी बांधली. मैदानातली दीड हात माती उकरून बाहेर टाकली, ओढ्याकाठची नवी आणून भरली, आणि ते काम दोन महिने रोज संध्याकाळी मी केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नाही. पुढच्या पावसाळ्यात रोपं नव्याने लागली. अण्णा आणि तो जाजमावरचा म्हातारा शेवटपर्यंत एकाच बाकावर बसून भांडायचे. आज तिथे करंजांची अशी सावली आहे की दुपारी बाक मिळत नाही. बहावाही जगला. खो-खो आम्ही मुरमाड पट्टीवर खेळलो, बिनमिठाच्या. तिथे जिल्हा स्पर्धा पुन्हा कधी जिंकली नाही. उजी पुन्हा माझ्या संघात आली नाही. निरोप मी पाठवला नाही. कुठल्या तोंडाने पाठवणार होते?

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं. सभा पांगली. गवंडी कालवलेला माल वाया जातो म्हणून कुरकुरत होता. मी नळावर चूळ भरत होते. बायडाक्का हंडा घेऊन आली, तो नळाखाली ठेवला आणि माझ्या बाजूला उभी राहिली. उरलेल्या दोन रोपांना पाणी घालायचं होतं तिला.

"बायडाक्का," मी म्हणाले, "मी बुधवारीच बोलायला हवं होतं."

"मला ठावं हुतं तुमास्नी कळलंय ते."

मी नळ बंद केला.

"बुदवारी फाटकापाशी मी हंडा घिऊन हुबी हुते. तुमी माती जिभंवर ठिवलेली बघितली म्या. काय हाय ते मला उमगलं न्हाई, पर तुमास्नी उमगलं, त्ये दिसलं. तुमचं त्वांडच तसं झालं हुतं."

"मग शुक्रवारी आलीस तेव्हा विचारलं का नाहीस?"

"काय इचारायचं?" तिला माझा प्रश्नच कळला नाही. "बाईस्नी कळलंय म्हंजी झालं, बाई सभंत सांगत्याल, आसं म्हनले. लई दिस डोळ्याला डोळा न्हवता बघा. बुदवारपास्नं निवांत झोपले."

हंडा अर्धाच भरला होता. तिने हात पुढे करून नळ पुन्हा सोडला आणि तो भरेपर्यंत आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो.